पर्यायी इंधने आणि आरोग्य : न दिसणाऱ्या धुराचा हिशेब

वाहनातून काळा धूर निघाला की प्रदूषण होते आणि तो दिसेनासा झाला की हवा शुद्ध होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गेल्या पंचवीस वर्षांत देशातील मोठ्या शहरांच्या रस्त्यांवरील काळा धूर बराच कमी झाला. बसगाड्या, टॅक्सी आणि रिक्षा सीएनजीवर धावू लागल्या, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाऊ लागले आणि आता विजेवर चालणारी वाहनेही रस्त्यावर दिसू लागली आहेत. या बदलांचा आरोग्याला लाभ झाला, यात शंका नाही. मात्र प्रत्येक इंधन जळताना काही ना काही बाहेर टाकतेच, आणि त्यातील अनेक घटक डोळ्यांना दिसत नाहीत. पर्यायी इंधनांच्या धुरात नेमके काय असते, त्याचा शरीरावर कोणता परिणाम होतो आणि ‘स्वच्छ इंधन’ या शब्दावर किती विसंबावे, याचा आढावा या लेखात घेतला आहे.

धुरात काय असते?

पेट्रोल आणि डिझेल ही कार्बन व हायड्रोजन यांच्या संयुगांची मिश्रणे आहेत. त्यांचे ज्वलन परिपूर्ण झाले, तर केवळ कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निर्माण व्हायला हवी. प्रत्यक्षात इंजिनामध्ये इंधनाला जळण्यासाठी सेकंदाचा अत्यल्प अंश मिळतो. परिणामी काही इंधन अर्धवट जळते, तर काही न जळताच बाहेर पडते. शिवाय इंजिनातील प्रचंड उष्णतेमुळे हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजन ऑक्साइड वायू तयार होतात. हा नायट्रोजन इंधनातून नव्हे, तर हवेतून येतो. म्हणूनच इंधन कोणतेही असले, तरी ज्वलन होणाऱ्या प्रत्येक इंजिनात हे वायू कमी-अधिक प्रमाणात निर्माण होतात.

आरोग्याच्या दृष्टीने या धुरातील चार प्रकारचे घटक महत्त्वाचे आहेत.

पहिला घटक सूक्ष्म कणांचा. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान व्यासाचे कण, म्हणजेच पीएम २.५, हे मानवी केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. नाक आणि घसा यांची गाळणी ओलांडून ते फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दमा, दीर्घकालीन श्वसनविकार, हृदयविकार, पक्षाघात आणि फुफ्फुसांचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे.

दुसरा घटक नायट्रोजन ऑक्साइड. यातील नायट्रोजन डायऑक्साइडमुळे श्वासनलिकांना सूज येते आणि दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. सूर्यप्रकाशात या वायूंची सेंद्रिय वाफांशी प्रक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. आकाशात उंचावर संरक्षक ठरणारा ओझोन श्वासावाटे शरीरात गेला, तर फुफ्फुसांना दाहक ठरतो.

तिसरा घटक कार्बन मोनॉक्साइड. रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या तुलनेत हा वायू दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. त्याला रंग नाही आणि वासही नाही.

चौथा घटक अर्धवट जळालेल्या सेंद्रिय संयुगांचा. बेंझिन, फॉर्मल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइड ही त्यातील प्रमुख नावे. बेंझिन हे रक्ताच्या कर्करोगास कारणीभूत ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडचा आणि जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराचा समावेश मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक असणाऱ्या पहिल्या गटात केला.

इंधन बदलल्याने या चार घटकांचे परस्परांतील प्रमाण बदलते. हे चारही घटक एकदम नाहीसे करणारे, इंजिनात जाळण्याचे इंधन मात्र उपलब्ध नाही. पर्यायी इंधनांचा विचार येथूनच सुरू करावा लागतो.

दिल्लीचा निर्णय आणि एक मूलभूत वाद

इंधनबदलाचा देशातील सर्वांत मोठा प्रयोग राजधानी दिल्लीत झाला. पर्यावरणविषयक खटले लढविणारे विधिज्ञ एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला. दिल्लीतील सर्व बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत सीएनजीवर आणाव्यात, असे त्यात म्हटले होते. गॅसचा अपुरा पुरवठा, पंपांसमोरील लांबच लांब रांगा आणि प्रवाशांचे हाल यांमुळे मुदत वाढत गेली. अखेर ५ एप्रिल २००२ च्या आदेशात न्यायालयाने माघार घेण्यास नकार दिला आणि २००२ अखेर शहरातील बससेवा डिझेलमुक्त झाली.

याच काळात केंद्र सरकारने ज्येष्ठ शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन इंधन धोरण ठरविण्यासाठी समिती नेमली होती. सरकारने विशिष्ट इंधनाची सक्ती करू नये, धुराची मानके ठरवून द्यावीत आणि ती कोणत्या इंधनाने व तंत्रज्ञानाने गाठायची हे संबंधितांवर सोपवावे, अशी या समितीची भूमिका होती. न्यायालयाला ती पटली नाही. समितीच्या सदस्यांत एकही डॉक्टर किंवा सार्वजनिक आरोग्याचा तज्ज्ञ नाही, या बाबीवर न्यायालयाने बोट ठेवले. डिझेलमधील भेसळ आणि मानकांची ढिली अंमलबजावणी पाहता, नागरिकांच्या आरोग्यासाठी थांबायला वेळ नाही, असा या निर्णयामागील विचार होता.

इंधन बदलावे की मानक कठोर करावे, हा तो वाद. दोन दशकांनंतर मागे वळून पाहिले असता, दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, असे दिसून येते.

सीएनजीने काय साधले?

सीएनजी म्हणजे उच्च दाबाखाली साठवलेला नैसर्गिक वायू. त्यातील प्रमुख घटक मिथेन. मिथेनच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असल्याने आणि हा वायू हवेत सहज मिसळत असल्याने त्याच्या ज्वलनात काजळी जवळजवळ तयार होत नाही. २००२ मधील डिझेल बसगाड्यांना कण अडविणारी गाळणी नव्हती आणि त्या काळच्या डिझेलमध्ये गंधकही बरेच होते. त्या तुलनेत सीएनजी बसमुळे कणांच्या उत्सर्जनात मोठी घट झाली.

अमेरिकेतील ‘रिसोर्सेस फॉर द फ्युचर’ या संस्थेच्या अभ्यासकांनी २००७ मध्ये दिल्लीच्या हवेच्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. बसगाड्यांच्या रूपांतरामुळे सूक्ष्म धूलिकण, कार्बन मोनॉक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड कमी होण्यास मदत झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता. तीनचाकी रिक्षांच्या बाबतीत मात्र तसा लाभ दिसला नाही आणि त्यामागे कमी दर्जाचे तंत्रज्ञान असावे, असे मत त्यांनी नोंदविले.

इंधन तेच, पण बसमध्ये लाभ आणि रिक्षात नाही, असे का व्हावे? याचे उत्तर इंजिनाच्या रचनेत आहे. जुन्या रिक्षांची इंजिने ‘टू-स्ट्रोक’ प्रकारची होती. अशा इंजिनात इंधनाबरोबर वंगणतेलही जळते आणि आत आलेल्या इंधनाचा काही भाग न जळताच बाहेर निसटतो. गॅसचे किट बसविल्यानंतरही वंगणतेल जळतच राहिले. झिजलेल्या पिस्टन रिंगांमधून तेल वर आल्यावर निघणारा पांढरट धूर सीएनजी रिक्षांमागेही दिसत असे. हा धूर गॅसचा नसून तेलाच्या सूक्ष्म थेंबांचा असतो आणि तो फुफ्फुसांना अपायकारक असतो. न जळलेला मिथेन श्वसनाला थेट घातक नसला, तरी तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक प्रभावी असा तापमानवाढ घडविणारा वायू आहे.

मुंबईतही असाच प्रवास झाला. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये नेमलेल्या व्ही. एम. लाल समितीच्या शिफारशींनंतर जुन्या टॅक्सी टप्प्याटप्प्याने सीएनजीकडे वळल्या. कोलकात्यात २००८ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर टू-स्ट्रोक रिक्षा हटवून एलपीजीवर चालणाऱ्या फोर-स्ट्रोक रिक्षा आणण्यात आल्या. म्हणजे कोलकात्यात इंधनाबरोबर इंजिनही बदलले.

गॅसच्या धुरातील अदृश्य बाजू

काजळी नसली, तरी सीएनजीच्या धुरात दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते.

पहिली गोष्ट फॉर्मल्डिहाइड. मिथेनचे ज्वलन अपुरे राहिले, तर फॉर्मल्डिहाइड तयार होते. या वायूमुळे डोळ्यांची व घशाची जळजळ होते आणि दीर्घकाळ संपर्कात राहिल्यास कर्करोगाचा धोका वाढतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया वायुसंसाधन मंडळाने २००० नंतरच्या काही वर्षांत बसगाड्यांच्या तुलनात्मक चाचण्या केल्या. उत्प्रेरक बसविलेला नसलेल्या सीएनजी बसच्या धुरात फॉर्मल्डिहाइडचे प्रमाण लक्षणीय आढळले आणि कण अडविणारी गाळणी लावलेली डिझेल बस काही बाबतींत तिच्यापेक्षा सरस ठरली. सीएनजी बसला ऑक्सिडेशन उत्प्रेरक जोडल्यावर मात्र हे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले. सायलेन्सरच्या मार्गात बसविलेला, मौल्यवान धातूंचा थर दिलेला एक छोटा डबा असा निर्णायक फरक घडवितो.

दुसरी गोष्ट नायट्रोजन ऑक्साइड. प्रयोगशाळेतील चाचणीत मानक पूर्ण करणारे वाहन प्रत्यक्ष रस्त्यावर, चढावर, गर्दीत किंवा जादा भार घेऊन धावताना अधिक वायू सोडू शकते. दिल्ली आणि गुरुग्राम येथे रस्त्याच्या कडेला उपकरणे बसवून धावत्या वाहनांचा धूर मोजण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सीएनजीवर चालणाऱ्या व्यावसायिक वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइडचे उत्सर्जन प्रयोगशाळेतील मर्यादेच्या कित्येक पट असल्याचे आढळून आले. ‘सीएनजी म्हणजे प्रदूषणमुक्त’ या समजुतीला हा मोठा धक्का होता.

दरम्यान, तुलनेचा दुसरा बाजूचा काटाही हलला. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ मानके लागू झाली. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० भागांवरून १० भागांवर आली. डिझेल मोटारींसाठी कणांची मर्यादा प्रतिकिलोमीटर २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅम आणि नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० वरून ८० मिलिग्रॅम झाली. त्यामुळे २००२ मध्ये डिझेल आणि सीएनजी यांच्यात जेवढे अंतर होते, तेवढे नव्या वाहनांत राहिलेले नाही. मानकांचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे येथे खरे ठरले. मात्र ही मानके यायला २०२० साल उजाडले. मधल्या अठरा वर्षांत दिल्लीकरांना जो दिलासा मिळाला, तो न्यायालयाच्या आग्रहामुळे, हेही तितकेच खरे.

इथेनॉल : लाभ आणि प्रश्न

ऊस, मका आणि तांदूळ यांपासून तयार होणारे इथेनॉल हे सध्या सर्वाधिक चर्चेतील पर्यायी इंधन आहे. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश आणि कर्नाटक या ऊस उत्पादक राज्यांचे अर्थकारण त्याच्याशी जोडले गेले आहे. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाने सुरुवात झाली. सरासरी मिश्रण २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर पोहोचले आणि वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठण्यात आले.

इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने ज्वलन अधिक पूर्ण होते. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार, वीस टक्के मिश्रणामुळे कार्बन मोनॉक्साइडचे उत्सर्जन दुचाकींमध्ये ५० टक्क्यांनी आणि चारचाकींमध्ये ३० टक्क्यांनी कमी आढळले. हायड्रोकार्बनमध्ये सुमारे २० टक्के घट झाली. नायट्रोजन ऑक्साइडच्या बाबतीत निश्चित कल दिसला नाही. ॲसिटाल्डिहाइडचे प्रमाण मात्र वाढले. ही वाढ काही मायक्रोग्रॅम इतकीच असल्याचे आराखड्यात नमूद केले आहे.

ॲसिटाल्डिहाइड हा डोळे आणि श्वसनमार्ग यांना त्रासदायक ठरणारा वायू असून कर्करोगास कारणीभूत ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत त्याची गणना होते. एका वाहनाच्या बाबतीत काही मायक्रोग्रॅम हे प्रमाण क्षुल्लक वाटते. लाखो वाहने एकाच शहरात धावत असताना त्याची बेरीज किती होते, हे शहराच्या हवेतच मोजावे लागते.

यासाठी ब्राझीलचा अनुभव मार्गदर्शक आहे. तेथे १९७५ पासून इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला जात आहे आणि बहुसंख्य मोटारी पेट्रोल किंवा इथेनॉल यांपैकी कशावरही चालतात. किमती बदलल्या की साओ पाउलोचे लाखो वाहनचालक एका इंधनावरून दुसऱ्याकडे वळतात. त्यामुळे या महानगराची हवा म्हणजे जणू एक खुली प्रयोगशाळाच ठरली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इथेनॉलऐवजी पेट्रोलचा वापर वाढल्यावर शहरातील ओझोन सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. यावरून पेट्रोलच चांगले, असा निष्कर्ष कोणी काढला असता. परंतु २०१७ मध्ये त्याच शहरातील पुढील अभ्यासाने दुसरी बाजू दाखविली. पेट्रोलचा वापर वाढला, तेव्हा हवेतील अतिसूक्ष्म कण गर्दीच्या वेळी एकतृतीयांशापर्यंत वाढले होते. एका इंधनाने ओझोन वाढतो, तर दुसऱ्याने अतिसूक्ष्म कण. आरोग्याचा हिशेब मांडताना दोन्ही रकाने पाहावे लागतात.

जैवडिझेल, वीज आणि हायड्रोजन

वनस्पती तेलापासून किंवा वापरलेल्या खाद्यतेलापासून बनविलेले जैवडिझेल गंधकमुक्त असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार, डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळल्यास कणांचे उत्सर्जन सुमारे १० टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी आणि हायड्रोकार्बन २१ टक्क्यांनी घटते. नायट्रोजन ऑक्साइड मात्र सुमारे २ टक्क्यांनी वाढतात. जैवडिझेल नीट शुद्ध केलेले नसेल आणि त्यात ग्लिसरीन शिल्लक राहिले असेल, तर ज्वलनात ॲक्रोलिन हा अत्यंत झोंबणारा वायू निर्माण होऊ शकतो. म्हणून अप्रमाणित जैवडिझेल वापरणे वाहनाला आणि आरोग्याला सारखेच धोक्याचे आहे.

विजेवर चालणाऱ्या वाहनाला सायलेन्सरच नसतो. दाट वस्तीच्या शहरांत हा मोठाच लाभ आहे, कारण नाकासमोर सोडला जाणारा धूर थांबतो. तथापि, टायर, रस्ता आणि ब्रेक यांच्या घर्षणातून निघणारे कण पूर्णपणे थांबत नाहीत. शिवाय देशातील बहुतांश वीज अद्याप कोळशापासून तयार होते. चंद्रपूर, कोरबा किंवा सिंगरौली येथील औष्णिक केंद्रांच्या परिसरात राहणाऱ्या नागरिकांच्या आरोग्याचा विचार शहरातील स्वच्छ हवेच्या आनंदात विसरता येणार नाही. हायड्रोजन इंधनघटात वापरला, तर केवळ पाणी बाहेर पडते. तोच इंजिनात जाळला, तर हवेतील नायट्रोजनमुळे नायट्रोजन ऑक्साइड पुन्हा निर्माण होतात.

जे मोजले जात नाही, त्याचे काय?

येथे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. प्रत्येक वाहनधारकाला पीयूसी प्रमाणपत्र घ्यावे लागते. पेट्रोल, सीएनजी आणि एलपीजी वाहनांच्या या तपासणीत वाहन उभे असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात, तर डिझेल वाहनांच्या धुराची दाटी पाहिली जाते. नायट्रोजन ऑक्साइड, फॉर्मल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइड यांचे मोजमाप या तपासणीत होत नाही. म्हणजे पर्यायी इंधनांमुळे जे घटक चिंतेचे ठरू शकतात, नेमके तेच तपासणीबाहेर राहतात. काजळीच्या काळात आखलेली तपासणी अदृश्य वायूंच्या काळात अपुरी पडते आहे. नव्या मोटारींसाठी रस्त्यावरील प्रत्यक्ष उत्सर्जनाची चाचणी २०२३ पासून लागू झाली. हे स्वागतार्ह पाऊल असले, तरी रस्त्यावर आधीपासून असलेल्या कोट्यवधी वाहनांचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

हवेच्या मानकांबाबतही अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी वार्षिक सरासरी प्रतिघनमीटर ५ मायक्रोग्रॅम आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी १० मायक्रोग्रॅम अशी शिफारस केली. भारतात २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या मानकांनुसार निवासी भागांसाठी या दोन्ही घटकांची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे.

या साऱ्याची झळ सर्वांना सारखी बसत नाही. चौकात आठ-दहा तास उभे राहणारे वाहतूक पोलीस, रिक्षाचालक, बसचालक आणि पदपथावरील विक्रेते दिवसभर हा धूर श्वासात घेतात. लहान मुले वजनाच्या मानाने अधिक हवा आत घेतात आणि त्यांची फुफ्फुसे वाढीच्या अवस्थेत असतात. शाळेच्या दाराशी इंजिन चालू ठेवून उभी राहणारी वाहने म्हणूनच विशेष घातक ठरतात, मग ती कोणत्याही इंधनावर चालणारी असोत.

काय करता येईल?

वाहनधारकांच्या हाती काही गोष्टी निश्चित आहेत. सीएनजी किंवा एलपीजीचे किट मान्यताप्राप्त केंद्रातूनच बसवावे आणि टाकीची विहित मुदतीत चाचणी करून घ्यावी. मागे पांढरा किंवा निळसर धूर दिसल्यास तो तेलाचा आहे हे ओळखून इंजिनाची दुरुस्ती करावी. खर्च वाचविण्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्याच्याशिवाय स्वच्छ म्हणविणारे इंधनही स्वच्छ राहत नाही. सिग्नलवर आणि शाळेसमोर इंजिन बंद करावे. बंद गॅरेजमध्ये कोणत्याही इंधनाचे इंजिन चालू ठेवू नये. गॅस किंवा इथेनॉल असले, तरी कार्बन मोनॉक्साइड तयार होतोच आणि तो पूर्वसूचना देत नाही.

शासन आणि यंत्रणा यांच्याकडून अपेक्षा मोठी आहे. रस्त्यावर धावत्या वाहनांचा धूर दूरसंवेदी उपकरणांनी मोजणे, तपासणीत नायट्रोजन ऑक्साइडचा समावेश करणे आणि इथेनॉलचे मिश्रण वाढत असताना शहरांच्या हवेतील अल्डिहाइड व ओझोन यांची नियमित नोंद ठेवणे, ही कामे तातडीची आहेत. इंधन धोरण ठरविताना तेलाची आयात, शेतकऱ्यांचे उत्पन्न आणि परकीय चलन यांचा हिशेब मांडला जातो, तो आवश्यकही आहे. परंतु धोरण ठरविणाऱ्यांमध्ये आरोग्याचा जाणकार कोठे आहे, हा सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये उपस्थित केलेला प्रश्न आजही तितकाच समर्पक आहे.

पर्यायी इंधनांनी शहरांना काळ्या धुरापासून बऱ्याच अंशी सोडविले. पुढचा टप्पा न दिसणाऱ्या धुराचा आहे. कोणत्या इंधनावर वाहन चालते, या प्रश्नाबरोबरच त्यातून प्रत्यक्षात काय बाहेर पडते आणि ते कोणाच्या श्वासात जाते, हेही विचारले गेले, तरच इंधनबदलाचा पूर्ण लाभ नागरिकांच्या आरोग्याला मिळू शकेल.